शिंपल्यांचा ओटा, समुद्राकडे उतार

फाईलचा विषय असा होता: ‘कालव्यांच्या टाकाऊ कवचांचा व जुन्या जाळ्यांचा काँक्रीट व मसाल्यात वापर – प्रायोगिक काम’. घाटंजीच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होऊन मला चारच महिने झाले होते. यवतमाळला आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. फाईल वाचायची भीती मला कधी नव्हती, तरी ही मी तीनदा वाचली. कालवा मला माहीत होता. कालव्याचं कवच म्हणजे अस्तर असणार, आणि जाळी म्हणजे गेटपाशी कचरा अडवायला लावतात ती. जुनं अस्तर फोडायचं आणि त्याचा चुरा पुन्हा वापरायचा, असा अर्थ लावून मी साहेबांकडे गेले.

साहेब म्हणजे आमचे उपअभियंता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. कुठलाही नवीन कागद ते आधी हातभर लांब धरून बघायचे आणि मग जवळ आणायचे.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “हे बघा, पुढं ‘भरतीच्या वेळी’ असंही लिहिलंय. मातीची भरती. कालव्याच्या बांधाला करतात ती.”

“साहेब, त्याच्या पुढं ओहोटी लिहिलंय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओहोटी तिथंच होती. त्यांनी मागची पानं उलटली तर नकाशा निघाला, आणि नकाशावर ठळक अक्षरात होतं, ‘मासळी सुकवण्याचा ओटा’.

मग उलगडा झाला. कोकणात खडकांना चिकटलेला एक शिंपलेवाला जीव असतो, त्याला कालव म्हणतात. लोक तो खातात आणि कवचं टाकून देतात. त्यांचे ढीग किनाऱ्यावर साचतात. ती कवचं भरडून रेतीच्या जागी थोडी वापरायची, आणि मच्छीमारांनी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे बारीक तुकडे करून सिमेंटच्या मसाल्यात घालायचे, म्हणजे भेगा कमी पडतात, अशी ती योजना. मूळ कागदात ‘कालवांच्या’ असणार. वाटेत कुठल्यातरी टेबलावरच्या शुद्धलेखनाच्या काटेकोर माणसाने ते ‘कालव्यांच्या’ केलं आणि मासळीची फाईल पाटबंधाऱ्यांच्या गठ्ठ्यात गेली.

आणि त्या वर्षांत पाटबंधाऱ्यांच्या गठ्ठ्यातलं सगळं आधी आमच्या जिल्ह्याला यायचं. कापसाने आणि कर्जाने आमच्याकडे जे केलं ते पेपरांत रोज येत होतं. सरकारने पॅकेज जाहीर केलं होतं आणि प्रत्येक खात्याला हुकूम होता की या जिल्ह्याला काहीतरी द्या. त्यामुळे कोणी गाई दिल्या, कोणी मधमाश्यांच्या पेट्या, कोणी ध्यानाची शिबिरं. दर आठवड्याला पांढऱ्या गाड्या यायच्या आणि गावांत जाऊन माणसांना सुखदुःखाचे प्रश्न विचारून फॉर्म भरायच्या.

“साहेब, हे परत पाठवू,” मी म्हणाले. “चुकून आलंय.”

“मॅडम, पॅकेजमधलं काही परत जात नसतं.” साहेबांचा आवाज खाली गेला. “आपण परत पाठवलं की उद्या बातमी, अधिकाऱ्यांनी जिल्ह्याची योजना नाकारली. मला पेन्शन घ्यायची आहे. तुम्ही गाव बघा.”

मी गाव बघितलं. घाटंजीपासून जीपने अर्ध्या तासावर, काळ्या मातीचं, कापूस आणि तुरीचं गाव. सरपंच पन्नाशीची बाई होती. स्वतःचं शेत स्वतः कसणारी, उंच, आवाज असा की हाक मारली तर नाल्यापलीकडचा बैल मान वर करायचा. मी तिच्या घरी गेले तर बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. त्या वर्षी भाव येईल म्हणून सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला होता. मला बसायला जागा म्हणजे कापसाच्या ढिगाचा उतार. मी बसले तशी हळूहळू आत गेले. कुठून तरी बातम्यांचा आवाज येत होता.

“टीव्ही त्या कोपऱ्यात हाय,” सरपंचबाई म्हणाली. “कापसात दबला. दिसत नाई, आयकू येते.” मग माझ्या हातातले कागद बघून तिने विचारलं, “फारम कोणता आणला? दुःखाचा का सुखाचा?”

“ओट्याचा आहे, काकू.”

ग्रामसभा देवळापुढे भरली. मी उभी राहून सांगितलं की शासन आपल्या गावात मासळी सुकवण्याचा ओटा बांधणार आहे. कोणी हसलं नाही. इतक्या योजना ऐकल्या होत्या लोकांनी, की त्यांना आश्चर्य वाटायचं बंद झालं होतं. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, “मासोळ्या बी सरकारच पाठवून राह्यलं का?”

“नाही. फक्त ओटा.”

“आमच्या नाल्याले पाणी दिवाईपर्यंत राह्यते. मासोळी निंघते बोटायेवढी. ते वाळवली तं काय उरन?”

बाया आपसात बोलायला लागल्या. मग सरपंचबाईने मला थेट विचारलं, “मॅडम, त्याच्यावर कापूस वाळवला तं चालते का? ओला कापूस आमी सडकेवर टाकतो, एसटी आली का उचलतो.”

मी फाईल चाळली. कापूस वाळवू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनातच ते आलं नसणार.

“चालते,” मी म्हणाले. ‘चालतं’ म्हणायची सवय तिथं चार महिन्यांतच सुटली होती.

“मंग लिहा.”

ट्रक आला तो मार्च सरता सरता, तीन दिवसांचा प्रवास करून. ड्रायव्हर रत्नागिरीकडचा होता. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना बघितलं आणि मला म्हणाला, “मॅडम, बंदर कुठल्या बाजूला?”

मी त्याला चहा पाजला. तेवढ्यात ताडपत्री निघाली होती, आणि त्या कवचांना चिकटलेलं जे काही उरलंसुरलं होतं त्याचा वास गावभर गेला. समोरच्या घरातल्या आजोबांनी खाट उचलली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. मांजरी आल्या. गावात इतक्या मांजरी आहेत हे गावालाही माहीत नव्हतं. त्या ढिगाभोवती गोल करून बसल्या आणि पुढचे दोन दिवस हलल्या नाहीत. जवळच्या तांड्यावरून एक बंजारा आजी मुद्दाम बघायला आली. तिच्या ओढणीला, चोळीला, कपाळावर कवड्याच कवड्या. तिने एक कालव उचललं, उलटंपालटं केलं, स्वतःच्या कवडीशी लावून बघितलं, आणि तोंड वाकडं करून परत टाकलं. समुद्राचा माल तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता.

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. त्या कामावर जो गवंडी मिळाला तो साठीचा, बुटका, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने लाल दात झालेला, आणि मी आजवर बघितलेल्यांत सगळ्यात हुशार माणूस. तो मुकुटबनकडचा. त्याने ढीग बघितला आणि मला बाजूला घेतलं.

“मॅडम, मी मुकुटबनचा. आमच्याकडं जमीन खोदली का चुन्याचा दगड. जनावराच्या पायाले लागते चुना. अन् हे चुनाच होय ना, कवच म्हंजे?”

“हो, जवळपास तोच.”

“मंग समुद्रातून कायले आणला?”

मी फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. त्यानेही आग्रह धरला नाही. खर्ऱ्याची पुडी खिशात टाकली आणि कवच दाताखाली धरून चावलं. मग थुंकला.

“खारट हाय. हे असंच घातलं अन् आत लोखंड असलं तं सळी सडन. धुवा लागते.”

तो म्हणाला ते फाईलमध्येही होतं, चार पानांत. मीठ निघून जाईपर्यंत कवचं गोड्या पाण्याने धुवावीत. किनाऱ्यावर हे लिहिणाऱ्याला पाणी म्हणजे काही वाटलं नसेल. आमच्याकडे एप्रिलमध्ये बाया एक हंडा भरायला हातपंपावर तासभर उभ्या राहत. समुद्रातून आलेली वस्तू पाण्याअभावी धुता येत नाही, हे मला साहेबांना सांगायचं होतं, पण वाक्य काही केल्या नीट होईना. शेवटी सरपंचबाईने तोडगा काढला. ढोरांच्या हौदात कवचं टाकायची, ढोरं पाणी पिऊन गेली की उरलेल्या पाण्यात ती खळबळायची आणि ते पाणी उपसून टाकायचं. म्हशींना दोन दिवसांत त्या पाण्याची गोडी लागली. मीठ चाटायला मिळतं म्हणून त्या हौदापासून हटेनात, आणि एका घरचं दूध थोडं वाढलं असं मला सांगण्यात आलं. मी ते अहवालात घातलं नाही.

मीठ गेलं की नाही हे तपासायला प्रयोगशाळा हवी होती. ती नागपूरला. आमच्याकडे मिस्त्री होता. रोज सकाळी तो ढिगातून पाच ठिकाणची पाच कवचं उचलायचा आणि चाटायचा. माझा विश्वास बसेना म्हणून तो मलाही चाटायला लावायचा. आमचं जमलं नाही तर सरपंचबाईला बोलवायचे. ती वरण चाखल्यासारखी डोळे मिटून चाखायची.

“कालच्यापेक्षा कमी हाय. पण हाय.”

मी वहीत लिहायचे, ‘खारटपणा: मध्यम’. दुसऱ्या दिवशी, ‘खारटपणा: किंचित’. अकराव्या दिवशी तिघांचं एकमत झालं तेव्हा मी ‘निरंक’ लिहिलं आणि खाली तारीख टाकून सही केली. माझ्या पूर्ण नोकरीत इतकी प्रामाणिक तपासणी मी दुसरी केली नाही.

कवचं भरडायला खदानीवर नेली तर क्रशरवाल्याने वासावरूनच परत पाठवलं. मग आमच्या खात्याचा रोलर आणला. गावाबाहेरच्या सडकेवर कवचं पसरली आणि त्यावरून रोलर फिरवला. शंभर घरचे पापड एकदम मोडावेत तसा आवाज आला. लोक बघायला शेतातून आले. रोलरचा ड्रायव्हर एरवी झोपाळू माणूस, त्या दिवशी त्याला इतकं महत्त्व आलं की तो हात हलवत होता.

मग उताराचा प्रश्न आला. नकाशावर बाण होता आणि बाणापाशी लिहिलं होतं, ‘समुद्राच्या दिशेने उतार’. मासळीचं पाणी समुद्रात निथळून जावं म्हणून. मी साहेबांना म्हणाले, गावाच्या नाल्याकडे उतार देते. साहेब घाबरले.

“मंजूर नकाशात बदल करायचा म्हणजे वरची परवानगी. समुद्र लिहिलंय तर समुद्रच द्या.”

“पण कोणता?”

त्यांनी भिंतीवरच्या भारताच्या नकाशापुढे मला उभं केलं. आमच्या कचेरीतल्या पट्टीने आम्ही घाटंजीपासून दोन्हीकडचे समुद्र मोजले. पट्टी एकदा इकडे सरकायची, एकदा तिकडे. नकाशावर चहाचा डाग होता, नेमका आमच्या जिल्ह्यावर. मग साहेबांनी लेखी विचारणा केली, ‘उतार कोणत्या समुद्राच्या दिशेने द्यावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे’. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘जवळच्या’.

मी ते उत्तर घेऊन कामावर गेले आणि मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो हसला नाही. जमिनीवर उकिडवा बसला, घमेल्यातलं पाणी ओतलं आणि ते कुठे जातं बघत राहिला. पाणी वळवळत नाल्याकडे गेलं.

“हा नाला कुठी जाते?”

“वाघाडीला.”

“वाघाडी?”

“पैनगंगेला. मग वर्धा. मग पुढं गोदावरी.”

“अन् गोदावरी?”

“समुद्राला.” गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते हे मी चौथीत पाठ केलं होतं.

“मंग झालं तं,” मिस्त्री म्हणाला. “पाणी जाते तिकडंच समुद्र. बाण बरोबर हाय, मॅडम. आपणच येड्यावानी पाहून राह्यलो.”

ओट्याला नाल्याकडे उतार दिला. मोजमाप पुस्तिकेत मी ‘समुद्राच्या दिशेने’ असंच लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

राहिली जाळी. ट्रकमधून जाळ्यांचे मोठाले गठ्ठे आले होते, निळे, हिरवे, काही उन्हाने पांढुरके पडलेले. ते ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवले होते. कवचं धुण्या-भरडण्यात तीन आठवडे गेले, आणि मसाला कालवायची वेळ आली तेव्हा मी खोली उघडली तर आत एकच गठ्ठा. कुलूप शाबूत. किल्ली सरपंचबाईकडे.

मी तिच्या घरी गेले. कापूस आता थोडा खाली गेला होता, टीव्हीचा वरचा काठ दिसत होता.

“काकू, जाळी कुठे गेली?”

“कोणती?”

“समुद्राची.”

तिने मला चहा दिला. मग चपला घातल्या आणि म्हणाली, “चाल, दाखवतो.” ती स्वतःबद्दल बोलताना कधी कधी ‘दाखवतो’, ‘करतो’ असंच म्हणायची. आम्ही पांदणीने शेताकडे गेलो. तिच्या विहिरीजवळ भाजीचा तुकडा होता, पाऊण एकराचा असेल, आणि त्याच्या चारी बाजूंनी निळं जाळं, बाभळीच्या खुंटांना ताणून बांधलेलं. शेजारच्या शेतात हिरवं. त्याच्या पलीकडे पुन्हा निळं. त्या काळ्या, उन्हाने फाटलेल्या रानात सगळीकडे ती जाळी वाऱ्याने फुगत होती.

“डुकरं,” ती म्हणाली. “अन् रोही, नीलगाई. राखण करून करून मानूस मरून जाते. रानडुकराले तार दिसते, ते तारेखालून जाते. हे जाळं त्याले समजत नाई. परवा एक अटकलं, अर्धा घंटा वरडलं, मंग पयालं. तवापासून इकडं आलंच नाई.”

“पण काकू, ते योजनेचं आहे. काँक्रीटमध्ये घालायचंय. मला त्याचा हिशोब द्यावा लागतो.”

“घाल ना. एक गठ्ठा ठेवला ना तुयासाठी.” मग ती जरा नरमली. “आतापर्यंत किती योजना आल्या. आमी सगळ्या घेतल्या. मधमाश्या उडून गेल्या. गाय इथलं खायना. हे पयलं असं आलं का गावानं मांगितलं नाई, अन् कामी पडलं. तू तेच वापस नेतं का?”

मी नेलं नाही. मला धीट म्हणू नका. त्या खुंटांवरून ती जाळी सोडवायची तर मला एकटीला आठ दिवस लागले असते. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली. रोज कचेरीत फोन वाजला की मला वाटायचं, जाळीचाच.

एका गठ्ठ्यात काम भागलं, कारण मसाल्यात जाळीचे तुकडे घालायचे ते अगदी थोडे, पोह्यांत मोहरी घालतात तेवढेच. पण तुकडे करणं सोपं नव्हतं. कडबा कापायच्या यंत्रात घातलं तर ते यंत्रच जाळ्यात सापडलं, ते सोडवायला दुपार गेली. शेवटी मिस्त्रीच्या कामावरच्या चार बायांनी लाकडाच्या ओंडक्यावर कुऱ्हाडीने खिमा केल्यासारखे तुकडे केले. मिस्त्रीने फाईलमधली सळई काढून टाकायला लावली. मीठ कितीही चाटलं तरी थोडं राहतंच, तेव्हा लोखंड नकोच, असं त्याचं म्हणणं. आणि जमिनीवर टेकलेल्या ओट्याला सळईची तशी गरज नव्हतीच. त्याऐवजी त्याने काळी माती दोन हात खोदून काढली आणि मुरूम भरून कुटला. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावर काहीही बांधा, दुसऱ्या वर्षी त्यातून बोट जातं. पाच दिवसांत ओटा ओतला, एकवीस दिवस गोणपाट टाकून ढोरांच्या हौदातलं उरलेलं पाणी मारलं. वास होताच, पण आता तो ओल्या सिमेंटच्या वासात मिसळला होता, आणि मांजरी हळूहळू घरी गेल्या.

पाहणी झाली ती पावसाळ्यानंतर. कापूस फुटला होता, तुरीला फुलं होती. पाहणीला खुद्द किनाऱ्यावरून एक अधिकारी येणार होते. साहेबांनी आदल्या दिवशी रजा टाकली. त्यांना रक्तदाब होताच, तो त्या दिवशी वाढला. मी एकटी गेले.

अधिकारी म्हणजे पंचावन्नच्या आसपासचे, काळेसावळे, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. ते ओट्यावर चढले. ओट्यावर कापूस पसरलेला होता, एका बाजूला मिरच्या, आणि मधोमध एक आजी मुगवड्यांची राखण करत बसली होती. त्यांनी खाली वाकून काँक्रीटवर बोट फिरवलं. कवचांचे पांढरे ठिपके दिसत होते. भेगा शोधल्या. एक सापडली, केसाएवढी, तीही कडेला.

“पाऊस झाला ना इथं?”

“चांगला झाला, सर.”

“आमच्याकडच्या ओट्याला यापेक्षा जास्त गेल्या.” त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. “मीठ कसं तपासलंत?”

मिस्त्रीने जीभ बाहेर काढून दाखवली. अधिकारी म्हणाले, “माझे आजोबा शिंपल्यांची भट्टी लावायचे. चुना करायचे. तेही असंच करायचे.”

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि लांब शेतात त्यांना निळं दिसलं.

“ते काय आहे?”

सरपंचबाई पुढे झाली. “चाला, दाखवतो,” ती म्हणाली.

आम्ही पांदणीने चाललो, ते पुढे, मी मागे मनात राजीनामा लिहीत. ते तिच्या कुंपणापाशी थांबले. हाताने जाळं धरलं, ताणलं, गाठ बघितली.

“हे रापणीचं आहे,” ते म्हणाले. “हे ओढायला वीस-पंचवीस माणसं लागतात. सगळा गाव किनाऱ्यावर येतो.” मग एका ठिकाणी मोठं भोक होतं, डुकराने पाडलेलं, सुतळीने कसंतरी आवळलेलं. ते बघून त्यांचा चेहराच बदलला. “हे असं बांधतात? अहो, असं बांधलं तर शेजारचा डोळा फाटतो.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, आणि बांबूची कामटी मागितली. मिस्त्रीच्या चाकूने ती चपटी तासली, टोकाला खाच केली, जाळ्यातलाच एक धागा उसवून तिच्यावर गुंडाळला, आणि बांधावर मांडी घालून जाळं विणायला बसले. त्यांची बोटं इतकी भराभर चालत होती की ती त्यांची वाटत नव्हती. आसपासच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओट्या सोडून आल्या. ते शिकवत होते, “हे इथून घ्या, अंगठ्यावरून, आता ओढा.” एक बाई म्हणाली, “हे तं खाट विणल्यावानीच हाय.” दुपारपर्यंत चार जणींना जमलं. भाकरी तिथेच आली, त्यांनी ती ठेच्यासोबत खाल्ली आणि ठसका लागून पाण्याचे दोन तांबे संपवले.

जीपमध्ये बसल्यावर ते मला म्हणाले, “आमच्याकडे आता हे काम कोण करत नाही. फाटलं की टाकतात.” अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला दोन महिन्यांनी कळलं: ‘जाळ्यांचा पुनर्वापर अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात झाल्याचे आढळले.’

साहेब रजेवरून परत आले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

या यशाचा एक परिणाम असा झाला की आमचं नाव किनारपट्टीच्या कुठल्यातरी यादीत चढलं. दर पावसाळ्याआधी आम्हाला परिपत्रक यायला लागलं की खवळलेल्या समुद्रात मच्छीमारांनी होड्या घालू नयेत, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल उलट टपाली पाठवावा. पहिल्या वर्षी मी यादी दुरुस्त करायला तीन पत्रं लिहिली. त्याचं उत्तर म्हणून दोन लाइफ जॅकेट आली. दुसऱ्या वर्षापासून मी सरळ लिहायला लागले, ‘या उपविभागातून एकही होडी समुद्रात गेलेली नाही’. त्याबद्दल आम्हाला एकदा प्रशंसापत्रही मिळालं.

आणि दुसरा ट्रक आला. तोच ड्रायव्हर. या वेळी त्याने बंदर विचारलं नाही. खबर आधीच पसरली होती. सहा गावांच्या बैलगाड्या सडकेला लागून उभ्या होत्या. जाळ्यांचे गठ्ठे तासाभरात निघून गेले, सहीने, रीतसर. या वेळी मी त्यांची वाटपयादीच केली. कवचांचा ढीग मात्र कोणालाच नको होता. काम मंजूर नव्हतं, परत पाठवायची सोय नव्हती. मिस्त्री म्हणाला, “मी नेतो.”

त्याने तो ढीग नेला आणि मुकुटबनजवळच्या आपल्या गावात घराच्या बाहेरच्या भिंतीला कवचांच्या चुऱ्याचा गिलावा केला. मला त्याने मुद्दाम बघायला बोलावलं. दुपारची वेळ होती. भिंत खरोखर सुंदर दिसत होती, खरखरीत, उन्हात बारीक बारीक चमकणारी. पण तिच्याजवळ जाता येत नव्हतं. भिंतीला लागून सात-आठ म्हशी ओळीने उभ्या होत्या आणि डोळे मिटून अंग घासत होत्या. मागे आणखी दोघी आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या.

“साऱ्या गावच्या येतात,” मिस्त्री म्हणाला. त्याला ते लपवावं की मिरवावं हे कळत नव्हतं. “खाज भागते ना त्यायची.”

आतून त्याची बायको हातात ताट घेऊन आली. मला अंगणातूनच म्हणाली, “या ना, मॅडम. मांगच्या दारानं या. पुढचं दार आता म्हशीचं झालं.”

मागच्या दाराने आत गेले आणि जेवायला बसले. ताटात वरण, पोळी, वांग्याची भाजी. भिंतीच्या पलीकडून घासण्याचा आवाज एकसारखा येत होता, आणि मिस्त्री मला वाढताना दर थोड्या वेळाने थांबून तो ऐकत होता.